दांडिया बाजारच्या काकूंना

काकू,

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

यांना मकरपुरा जीआयडीसीत काम मिळालं म्हणून शिंदखेडा तालुक्यातून आम्ही बडोद्याला आलो. पहिल्या वर्षी कानबाई, आमची खान्देशची देवी, घरात बसवायचं म्हटलं, तर तेव्हाच्या घरमालकांनी गर्दी, गाणी चालणार नाहीत म्हणून सांगितलं. नागपंचमीनंतरचा रविवार, तिचा दिवस, सुनासुना गेला. गावाकडची गाणी फोनवर ऐकत रात्र काढली.

तुमच्याकडे बिऱ्हाड केल्यावर भीतभीतच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "अगं, आमचे सयाजीराव महाराजसुद्धा मालेगावजवळच्या कवळाण्याहूनच आले. बारा वर्षांचं पोर, १८७५ साली. तुमच्याच बाजूचे की!" मला तेव्हा काय वाटलं, ते अजून नीट सांगता येत नाही.

रोटांचा, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचा, गहू सव्वाच्या मापाने घेतात, त्यात दुसरं पीठ मिसळलेलं चालत नाही, एवढंच मी बोलले होते. आदल्या रात्री पाहते तर तुम्ही पिठाची घरघंटी उघडून ब्रशने कानाकोपरा झाडत बसलेल्या. कानबाई म्हणून पुजायच्या नारळाला डोळे काढून झाले, तशी तुम्ही आतून स्वतःच्या लग्नातली मोत्याची नथ आणलीत. तरसालीपासूनच्या खान्देशी बाया आल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मला त्या दिवशीच भेटल्या. अंगणात फुगड्या रंगल्या, "कसं शे माय?" सुरू झालं. अहिराणी फक्त फोनवर आजीशी बोलायची असते असं समजणारा माझा मुलगा दारात उभा राहून बघतच राहिला.

सोमवारी विसर्जनाचा प्रश्न आला. गावी तापी आहे. इथे विश्वामित्रीत मगरी, तिथे बायकापोरांना कसं न्यायचं? तुम्ही माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढून चिंचेने घासलंत. कानबाईला निरोप तुमच्याच तुळशीपाशी दिला.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. आमच्यात रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. तुम्हाला पान वाढायचं का, म्हणून मी सासूबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "अंगण दिलं तिने, ती परकी कशी?" म्हणून तुमचं पान पहिलं वाढलं.

श्रावण जवळ आलाय. खंडेराव मार्केटातून गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, मी आणते. तुम्ही नथ तेवढी काढून ठेवा.

तुमची,
वरच्या खोलीतली सूनबाई