उन्हाळ्यात पाहणे वेगळे, मोसमात माग काढणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रस्तंभात अलीकडे एका वाचकाचे पत्र वाचले. अमेरिकेतले शिकारी आता घरात सोफ्यावर बसून झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातून हरणे पाहतात, त्यांतले हवे ते निवडतात आणि मोसम सुरू होताच जाऊन मारतात, तेव्हा याला शिकार न म्हणता कसाईखाना म्हणावे, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकाची चीड मला समजते आणि तिच्यातला निम्मा भाग मला मान्यही आहे. परंतु उन्हाळाभर हरणे पाहणे आणि शिकारीच्या दिवशी कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर त्यांच्यामागे जाणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच दावणीला बांधल्या आहेत. त्या वेगळ्या का आहेत, हे रोजच्या पाहण्यातून सांगता येईल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी मूळची चंद्रपूरची. गेली 19 वर्षे पेनसिल्व्हेनियाच्या मध्य भागातल्या एका लहान गावाबाहेर राहते. घरामागे आमचे चार एकर रान आहे आणि त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांचे सोयाबीन. (सोयाबीनचे हिरवे शेत दिसले की मला अजूनही वरोऱ्याकडचा रस्ता आठवतो.) हे शेजारी सत्तरी ओलांडलेले, पेशाने सुतार, आता निवृत्त. सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये ते परसातले काही जिन्नस घेऊन दारात आले आणि आमच्या कुंपणाजवळच्या ओकच्या झाडाला कॅमेरा बांधू का, असे त्यांनी विचारले. आम्ही नवरा-बायको दोघेही माळकरी घरातले, घरात मांस-मासे शिजत नाहीत. आमच्या हद्दीत गोळी किंवा बाण चालणार नाही या अटीवर आम्ही होकार दिला आणि ती अट त्यांनी आजवर पाळली आहे.

कॅमेरा म्हणजे विटेएवढा हिरवट डबा. आत आठ पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड आणि समोरून उबदार अंगाची हालचाल झाली की जागा होणारा संवेदक. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात तो छायाचित्र घेतो. झाडाला तो कंबरेच्या उंचीवर, तोंड उत्तरेकडे करून बांधायचा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन भिंगावर येत नाही. समोरचे गवत कापायला विसरले तर उन्हाने तापलेली पाती वाऱ्यावर हलतात आणि कार्डावर तीनशे छायाचित्रे निव्वळ गवताची निघतात. पहिल्या वर्षी आमचे तेच झाले. कार्ड बदलायला जातानाही पँट मोज्यात खोचून जावे लागते, कारण या भागात गोचीड चावून लाइम रोग होणे ही नित्याची बाब आहे.

पंधरा दिवसांनी एकदा शेजारी कार्ड घेऊन येतात आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला जातो. जूनच्या कार्डावर बहुधा माद्या असतात, तांबूस अंगाच्या, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या ठिपक्यांची पाडसे. एकदा एका पाडसाने भिंगाला नाक लावले होते. ओल्या नाकपुडीखेरीज त्या चित्रात काहीच नव्हते आणि आमची मुलगी ते पाहून खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. नर वेगळे, चार-पाचांच्या टोळीने फिरतात. पांढऱ्या शेपटीच्या या हरणाची शिंगे, चितळ-सांबरांसारखीच, दरवर्षी गळतात आणि वसंतात पुन्हा उगवतात; ऐन भरात ती दिवसाला अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढतात. तोवर त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मऊ, केसाळ कातडी असते, जिला इथले लोक मखमलच म्हणतात. मेअखेरीस नुसते खुंट दिसतात, जुलैच्या मध्याला फाटे फुटलेले असतात आणि ऑगस्ट संपताना आतले हाड टणक होऊन मखमल सोलून निघते. आपण मराठीत काळविटालाही शिंगे म्हणतो आणि चितळालाही. पण काळविटाची जन्मभर टिकतात आणि चितळाची गळतात, हा फरक चंद्रपुरात वाढूनही मला या टेबलावरच नीट कळला.

गेल्या वर्षी त्या टोळीत एक नर होता, ज्याचे डावे शिंग डोळ्यावर वाकलेले होते. शेजाऱ्यांनी चित्र मोठे करून त्याचा उजवा मागचा पाय दाखवला. तो आखूड टाकत होता. मागच्या पायाला जबर इजा झाली तर पुष्कळदा विरुद्ध बाजूचे शिंग बिघडते, असे त्यांनी सांगितले आणि मी नंतर वाचले तेव्हा ते खरे निघाले. मुलीने त्याचे नाव ‘वाकड्या’ ठेवले. शेजारी स्वतः हरणांना नावे देत नाहीत, पण त्यांनाही तो शब्द आता येतो, ‘ड’च्या जागी ‘र’ म्हणत.

आता पत्रलेखकाच्या मुख्य आक्षेपाकडे येते. उन्हाळ्यात कॅमेऱ्यात दिसलेले हरीण मोसमात त्याच जागी मारायला मिळते, ही समजूतच चुकीची आहे. सप्टेंबरमध्ये मखमल गेली की नरांच्या अंगात माजाचे वारे शिरू लागते, जुलैत एकत्र चरणारे सोबती एकमेकांना सहन करीनासे होतात आणि टोळी फुटते. काही नर तर उन्हाळ्याचा मुलूखच सोडून दूर जातात. सोयाबीन पिवळे पडते, ओकची फळे गळू लागतात आणि खाण्याची जागा बदलते. इथे बहुतेक भागांत धनुष्यबाणाचा मोसम ऑक्टोबरच्या आरंभी उघडतो आणि बंदुकीचा थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या शनिवारी. 2018 पर्यंत तो सोमवारी उघडे आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असे. तोपर्यंत जुलैची चित्रे शिळी झालेली असतात. त्यांचा उपयोग एवढाच, की रानात काय आहे याचा अंदाज येतो आणि कोवळे नर कोणते, पोक्त कोणते हे ओळखून हात आवरता येतो. 2002 पासून या राज्याच्या बहुतेक भागांत प्रौढ शिकाऱ्याला एका बाजूस किमान तीन टोके असलेलाच नर मारता येतो. हे टोकांचे मोजमाप अंधुक पहाटे बंदूक हातात असताना करण्यापेक्षा जुलैत टेबलावर बसून नजरेला सवय लावलेली बरी, असे शेजारी म्हणतात आणि मला त्यात गैर वाटत नाही.

हे पाहणे नवे आहे असेही नाही. जॉर्ज शायरस तिसरे हे पेनसिल्व्हेनियाचेच, इथून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले गृहस्थ. त्यांनी मिशिगनच्या तळ्याकाठी होडीतून आणि वाटेवर तार ताणून, हरणाच्याच पायाने पेटणाऱ्या फ्लॅशच्या भुकटीच्या प्रकाशात रात्रीची छायाचित्रे काढली आणि ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जुलै 1906 च्या अंकात त्यांतली 74 छापली. शायरस आधी शिकारी होते. पुढे त्यांनी बंदूक ठेवून कॅमेराच हाती धरला. त्याच 1906 मध्ये पेनसिल्व्हेनियाला मिशिगनहून हरणे विकत आणावी लागत होती, कारण बेबंद शिकारीने आणि जंगलतोडीने इथली जवळपास संपली होती. आज परिस्थिती उलटी आहे. लांडगे आणि प्यूमा (अमेरिकेतले मोठे रानमांजर) नाहीत, हरणे उदंड, आणि कित्येक जंगलांत झाडाचे रोपटे गुडघ्याच्या वर जाऊ शकत नाही. राज्यात दरवर्षी चार लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक हरणे मारली जातात तरी ती कमी होत नाहीत. हा न्याय मी महाराष्ट्राला लावीत नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, वाघ-बिबटे आहेत, आणि रोही-रानडुकरांनी पीक खाल्लेल्या शेतकऱ्याचा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवावा लागेल.

तथापि, पाहण्याची हौस आपल्याला परकी नाही. महाविद्यालयात असताना बुद्ध पौर्णिमेच्या रात्री प्राणीगणनेसाठी मी ताडोब्यात मचाणावर बसले आहे. वैशाखातला पाणवठा, चांदणे, कागदावर मोजणीसाठी मारलेल्या रेघा, आणि पहाटे तीनला आलेली सांबराची मादी, जी पाणी पिण्याआधी बराच वेळ नुसती उभी होती. आज त्याच जंगलात ट्रॅप कॅमेरे आहेत. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लावले गेले आणि त्यांत साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे मिळाली. ती वाघ वाचवण्यासाठी, ही हरीण मारण्यासाठी, असे कोणी म्हणेल. उद्देश वेगळा आहेच. मला एवढेच म्हणायचे आहे की कॅमेरा झाडाला बांधला म्हणून तो आपोआप पापाचा धनी होत नाही.

पाप कुठे सुरू होते, याबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. नव्या कॅमेऱ्यांत सिमकार्ड असते. समोर हरीण उभे राहिले की काही क्षणांत चित्र मोबाइलवर येते. जुलैत ते आले काय आणि पंधरा दिवसांनी कार्डावरून पाहिले काय, फरक पडत नाही. पण मोसमात, शिकारी अर्ध्या मैलावर गाडीत बसलेला असताना ते आले, तर हरणाचे कान, नाक आणि सावधपणा यांना काही अर्थच उरत नाही. अमेरिकेतल्या राज्यांनाही हे कळले आहे. नेवाडात सार्वजनिक जमिनीवर ऑगस्ट ते डिसेंबर असे कॅमेरे लावता येत नाहीत आणि चित्र पाठवणाऱ्यांना जुलैपासूनच मनाई आहे. ॲरिझोनाने 2022 पासून शिकारीसाठी कॅमेरे पूर्णच बंद केले, कारण कोरड्या मुलखात पाणवठे मोजके, एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची गर्दी आणि ते तपासायला येणाऱ्या माणसांचा जनावरांना त्रास. विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. न्यू हॅम्पशायरने थेट चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या आधाराने त्याच दिवशी शिकार करण्यास मनाई केली आहे. पाऊसपाण्याने भरलेल्या आमच्या भागाला मला हाच नियम सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो पाहू देतो आणि पाहणे व मारणे यांच्यात निदान एक रात्र ठेवतो.

वाकड्या गेल्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर दिसेनासा झाला. शेजाऱ्यांनी डिसेंबरात स्वतःच्या शेतात एक मादी मारली आणि तिचे बरेचसे मांस गरजूंना वाटणाऱ्या संस्थेला दिले. जानेवारीच्या कार्डावर बिनशिंगाचा, करड्या अंगाचा एक नर आला, मागचा उजवा पाय आखूड टाकणारा. मार्चमध्ये मुलीला ओकपासून हाकेच्या अंतरावर ते वाकडे शिंग सापडले, टोकाकडे उंदरांनी कुरतडलेले. त्याचा फोटो चंद्रपूरला आईला पाठवला, तर तिचा पहिला प्रश्न होता, “वनखात्याला कळवलंस का?” आपल्याकडे गळलेले शिंगही घरात ठेवता येत नाही; इथे ठेवता येते, हे तिला अजून पटलेले नाही.

या जूनमध्ये शेजाऱ्यांच्या मुलाने त्यांना सिमकार्डाचा कॅमेरा भेट दिला आणि तो आमच्या ओकवर लागला. गेल्या रविवारी रात्री पावणेदहाला त्यांनी मला एक चित्र पाठवले: मखमलीतली शिंगे, डावे डोळ्यावर आलेले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना सांगितले की सप्टेंबरअखेर हा कॅमेरा उतरवावा आणि जुना, कार्डाचा, पुन्हा बांधावा. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की नाहीतरी रात्री वाजणाऱ्या फोनला त्यांची बायको कंटाळलीच आहे.

आपली नम्र,
एक वाचक, पेनसिल्व्हेनिया