घातांकाची गडबड

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

अकरावीच्या अणुसंरचनेच्या धड्यात पोरीचं घोडं अडलंय, सूत्र पाठ आहे तरी उत्तर दरवेळी वेगळं येतं, असं लिहिलंस. प्रकाशाचा वेग म्हणजे तरंगलांबी गुणिले वारंवारता, यात न समजण्यासारखं काही नाही. घोळ होतो तो एककांत आणि घातांकांत.

गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडलं की ज्योत पिवळीधमक होते. तो सोडियमचा प्रकाश. तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. (खरं तर ५८९.० आणि ५८९.६ अशा जोडरेषा आहेत, पण अकरावीला एकच धरतात.) आधी मीटर करायचे: ५८९ × १०^-९, म्हणजे ५.८९ × १०^-७. पहिली ठेच इथेच लागते. दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे गेलं की घातांक दोनने वाढतो, म्हणून -९ चा -७. ऋण चिन्ह पाहून पोरं तो -११ करून मोकळी होतात.

आता वारंवारता काढायला प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे २.९९८ × १०^८ (ढोबळ ३ × १०^८) मीटर प्रति सेकंदाला, त्याने भागायचं. कॅल्क्युलेटरवर कंस न देता ३ × १०^८ ÷ ५८९ × १०^-९ असं सलग दाबलं, तर यंत्र आधी ५८९ ने भागतं आणि मग १०^-९ ने गुणतं. उत्तर ५.०९ × १०^-४. आकडे बरोबर, घातांक साफ चुकलेला, त्यामुळे शंकाही येत नाही. खालची अख्खी संख्या कंसात हवी.

बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा लॉग टेबलचा सराव आत्ताच करून घे. वेगाचा लॉग ८.४७६८, तरंगलांबीचा बार ७ पॉइंट ७७०१ (बार म्हणजे फक्त पूर्णांक ऋण, अपूर्णांक धनच). .४७६८ मधून .७७०१ जात नाही, म्हणून आठातला एक उसना घ्यायचा: अपूर्णांक उरतो .७०६७, पूर्णांक उरतात सात. त्यातून बार सात वजा करायचा म्हणजे सात मिळवायचे, चौदा. अँटिलॉग घेतला की ५.०९ × १०^१४ हर्ट्झ. बार विसरून सातातून सात घालवले, तर उत्तर येतं नुसतं ५.०९ हर्ट्झ. एवढी वारंवारता झोपाळ्याला शोभेल, प्रकाशाला नाही!

म्हणून एक पट्टा डोक्यात पक्का बसवायचा. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे ७.५ × १०^१४ ते ४.३ × १०^१४ हर्ट्झ. उत्तर याबाहेर गेलं की पेन खाली ठेवून घातांक तपासायचे. पर्याय निवडायच्या परीक्षेत तर मीटर करूच नयेत. वेगच ३ × १०^१७ नॅनोमीटर प्रति सेकंद धरावा आणि ५८९ ने भागावं.

एक गोष्ट मात्र आकडेमोडीपलीकडची आहे, ती तिला नीट समजावून सांग. हाच पिवळा प्रकाश पाण्यात शिरला की वेग १.३३ पट कमी होतो आणि तरंगलांबी ४४३ नॅनोमीटरच्या आसपास येते. हवेतली ४४३ म्हणजे निळा-जांभळा. मग पाण्यात तो निळा दिसतो का? नाही, कारण वारंवारता तीच राहते. ती अणूतल्या दोन ऊर्जापातळ्यांमधल्या फरकाने ठरलेली असते आणि फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जाही तीवरच अवलंबून असते.

त्याच कारणाने बेरीज-वजाबाकी वारंवारतेची होते, तरंगलांबीची नाही. प्रवेश परीक्षांतला एक जुना प्रश्न: वायूने ३५५ नॅनोमीटरचा फोटॉन शोषला, दोन बाहेर टाकले, एक ६८० चा, दुसरा किती? ६८० वजा ३५५ करून ३२५ लिहिणारे पुष्कळ. पण ३२५ च्या फोटॉनची ऊर्जा शोषलेल्या ३५५ वाल्यापेक्षा जास्त! तीन हजार खर्चून चार हजारांची मोड मिळाल्यासारखं. वारंवारता तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून एक भागिले ३५५ मधून एक भागिले ६८० वजा करून उलटवलं की ७४३ येतं.

सरावाला हायड्रोजनच्या रेषा दे: ६५६.३, ४८६.१ आणि ४३४.० नॅनोमीटर. उत्तरं १०^१४ हर्ट्झच्या पटीत ४.५७, ६.१७ आणि ६.९१ यायला हवीत. ती जमली की उलट्या बाजूने आकाशवाणी पुण्याचं १०१ मेगाहर्ट्झ दे. १०^६ धरलं तर तरंगलांबी २.९७ मीटर येते. किलो समजून १०^३ धरलं तर जवळजवळ तीन किलोमीटर.

अडलं तर तिने केलेली पायरीन् पायरी लिहून पाठव, नुसतं उत्तर नको. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय