शहर दाखवणे आणि शहर देणे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इमारती, रस्ते, पूल आणि एकंदर बांधलेल्या शहराची त्रिमितीय डिजिटल प्रारूपे या विषयावर हल्ली वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. लिडार (लेझरने अंतर मोजणे), ड्रोन, डिजिटल ट्विन (वास्तूची किंवा शहराची संगणकातील प्रतिकृती) हे शब्द सामान्य वाचकालाही आता परके राहिलेले नाहीत. या लेखनाचा सूर कौतुकाचा असतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. उमेदीची तीसेक वर्षे इमारतींची मोजणी आणि आरेखन करण्यात गेल्यामुळे या साधनांनी कोणते कष्ट वाचवले आहेत हे मला चांगले ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते वेगळ्या गोष्टीविषयी. शहर मोजण्याची आणि पडद्यावर उभे करण्याची साधने जितक्या झपाट्याने सुधारली, तितका ते शहर लोकांच्या हाती देण्याचा विचार झालेला नाही. प्रारूप संकेतस्थळावर गोल फिरताना दिसले की ते सर्वांना खुले झाले असे मानले जाते. दाखवणे आणि देणे यांत मोठे अंतर आहे, आणि माझ्या अनुभवात ते पैशापेक्षा सवयीमुळे अधिक पडलेले आहे.

आधी मोजणीबद्दल थोडे. लेझर स्कॅनर प्रकाशाचा झोत सोडतो आणि तो समोरच्या पृष्ठभागावरून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्याचा हिशेब धरला, तर वेळेतील तेवढ्या चुकीने अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. मिलिमीटरच्या भाषेत बोलणाऱ्या यंत्रात किती सूक्ष्म घड्याळ असावे लागते, याची कल्पना यावरून यावी. असे लाखो बिंदू अल्पावधीत नोंदले जातात आणि त्यांच्या राशीला बिंदुमेघ म्हणतात. दुसरी वाट छायाचित्रांची आहे. एकच भिंत दोन वेगळ्या ठिकाणांहून टिपली, तर दोन्ही छायाचित्रांत तिची जागा किती सरकली यावरून तिचे अंतर काढता येते. ही कल्पना ड्रोनच्या कितीतरी आधीची आहे. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण प्रशियन स्थापत्यकार १८५८ मध्ये वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला आणि वर चढण्याऐवजी छायाचित्रांवरून मापे घेता येतील का, या विचाराने त्याला पछाडले. पुढे १८८५ मध्ये बर्लिनमध्ये वास्तूंच्या मोजणी-छायाचित्रांची सरकारी संस्था त्याच्या प्रयत्नांतून उभी राहिली, आणि तिथे जमवलेल्या काचपट्ट्या दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीच्या वेळी उपयोगी पडल्या. परांचीवर उभे राहून ओळंबा सोडलेल्या कोणालाही मायडेनबाउअरची भीती समजावून सांगावी लागणार नाही.

त्या काचपट्ट्या उपयोगी पडल्या, कारण त्या मोजणीसाठीच टिपलेल्या होत्या आणि कॅमेऱ्याची मापे माहीत असल्याने छायाचित्रातून इमारतीचे माप काढता येत होते. केवळ देखण्या चित्राचे तसे नसते. युद्धात बेचिराख झालेले वॉर्साचे जुने शहर पुन्हा बांधताना वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केलेली आणि युद्धकाळात जिवावर उदार होऊन लपवून ठेवलेली मोजणी-रेखाटने हाताशी होती, त्याचप्रमाणे बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील चित्रकाराची नगरदृश्येही होती. ती चित्रे अप्रतिम आहेत, परंतु चित्रकार हा काही मोजणीदार नव्हे. चित्र साजरे दिसावे म्हणून त्याने केलेले काही फेरफार नव्याने बांधलेल्या दर्शनी भागांतही उतरले, असे अभ्यासक सांगतात. आजची चकचकीत प्रारूपे पाहताना मला हटकून बेलोत्तो आठवतो. खिडक्यांच्या रांगा पुष्कळदा एकाच चित्रतुकड्याची पुनरावृत्ती असतात, यंत्राची नजर जिथे पोचली नाही त्या मागच्या बाजू अंदाजाने भरलेल्या असतात, आणि मोजलेले कोणते व कल्पिलेले कोणते हे ओळखण्याची एकही खूण पाहणाऱ्याला दिलेली नसते.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. मात्र ते अर्धवट सांगितले जाते. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने पन्नासहून अधिक ठिकाणी स्कॅनर मांडून त्या वास्तूचे शंभर कोटींहून अधिक बिंदू नोंदवले होते. २०१८ च्या अखेरीस त्याचे निधन झाले आणि १५ एप्रिल २०१९ रोजी कॅथेड्रलचे छप्पर जळाले. डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली, तेव्हा लेझरची वाहवा झाली आणि ती योग्यच होती. परंतु जळालेला लाकडी सांगाडा पुन्हा उभारताना दोन वास्तुविशारदांनी आगीच्या काही वर्षे आधी एकेक तुळई जवळून पाहून केलेल्या मोजणीचाही मोठा आधार मिळाला. बिंदुमेघ पृष्ठभाग सांगतो. कोणता सांधा कोणत्या पद्धतीने जोडला आहे, हे माणसाला वाकून पाहावे लागते. या दोन्ही मोजण्या पुढच्या माणसाच्या हाती मापांच्या रूपात पोचल्या, ही खरी महत्त्वाची बाब. त्यांच्याऐवजी कॅथेड्रलभोवती घिरट्या घालणारी एखादी सुंदर चित्रफीत उरली असती, तर सुतारांना तिचा काय उपयोग झाला असता?

हा प्रश्न मला एका साध्या प्रसंगामुळे पडला. एका शाळेच्या मैदानाशेजारी उंच इमारत होणार होती आणि हिवाळ्यात मैदानावर तिची सावली किती वेळ राहील, हे पालकांना जाणून घ्यायचे होते. त्या भागाचे त्रिमितीय प्रारूप सार्वजनिक पैशातून तयार झालेले होते आणि संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येत होते. ते मोठे करता येत होते, फिरवता येत होते, त्यावर पाऊसही पाडता येत होता. मात्र एकाही इमारतीची उंची आकड्यात मिळत नव्हती, विदा, म्हणजे मोजणीचा मूळ डेटा, उतरवून घेण्याची सोय नव्हती आणि मोजणी कोणत्या वर्षी झाली याचा उल्लेख कुठेही नव्हता. आम्ही रीतसर पत्र पाठवले. प्रारूप केवळ दर्शनासाठी असून मूळ विदा ते तयार करणाऱ्या कंत्राटदाराकडे आहे, असे उत्तर आले. अखेर मी कपाटातला जुना थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याची दुर्बीण, बाहेर काढला. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना इमारतीच्या उंचीतील एक मीटरच्या चुकीने सावली सुमारे पावणेदोन मीटरने चुकते, त्यामुळे अंदाजाने भागण्यासारखे नव्हते. ज्या उंचीसाठी कुणीतरी विमान उडवले होते, ती आम्ही एका रविवारी पुन्हा मोजली.

हे असेच असावे लागते असे नाही. नेदरलँड्समध्ये हवाई लेझर मोजणीची राष्ट्रीय विदा खुली आहे, आणि तिच्यावरून डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी देशातील सुमारे एक कोटी इमारतींची त्रिमितीय प्रारूपे तयार करून ती सर्वांना उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत. त्यातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट सौंदर्याची नाही. प्रारूपातील इमारत मूळ बिंदुमेघाशी किती जुळते, म्हणजे तिचे छप्पर सरासरी किती चुकले आहे, हे त्या त्या इमारतीच्या नोंदीतच दिलेले असते. आपली चूक आपल्याच कपाळावर लिहून बाहेर पडणारे प्रारूप मी पहिल्यांदाच पाहिले. ज्याला सावली काढायची आहे, छपरावर सौर पट्ट्यांचा हिशेब करायचा आहे किंवा पुराचे पाणी कुठवर येईल हे तपासायचे आहे, त्याला हे प्रारूप आपल्या कामापुरते खात्रीचे आहे की नाही ते स्वतः ठरवता येते. हेलसिंकी शहरानेही आपली प्रारूपे याच रीतीने खुली केली आहेत.

चुकीइतकीच तारीख महत्त्वाची. इमारती पाडल्या जातात आणि नव्या उठतात, हे उघड आहे. पण जमीनही सरकते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ऑस्ट्रेलिया खंड दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. १९९४ साली जमिनीशी बांधलेली त्यांची अक्षांश-रेखांशांची चौकट २०२० पर्यंत उपग्रहांच्या मापांपासून जवळपास १.८ मीटरने ढळली होती आणि त्यांना नवी चौकट स्वीकारावी लागली. ज्या प्रारूपावर मोजणीची तारीख आणि संदर्भ-चौकट लिहिलेली नाही, त्यातले बिंदू कितीही बारीक असले, तरी ते नेमके कुठे आहेत हे काही वर्षांनी सांगता येणार नाही.

आता देण्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळते. विदा मिळाली, पण ती उघडता आली नाही, तर ती मिळाली असे कसे म्हणावे? ब्रिटनमध्ये १०८६ सालच्या प्रसिद्ध जमीन-पाहणीला ९०० वर्षे झाली, तेव्हा १९८६ मध्ये बीबीसीने दहा लाखांहून अधिक लोकांच्या, विशेषतः शाळकरी मुलांच्या, सहभागातून देशाची नवी डिजिटल पाहणी केली. नकाशे, छायाचित्रे आणि परिसराची वर्णने लेझर तबकड्यांवर साठवली गेली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली रचून ती सामग्री वाचवावी लागली. कातड्यावर लिहिलेली १०८६ ची मूळ पाने मात्र आजही वाचता येतात. एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडणाऱ्या प्रारूपांची गत याहून निराळी होण्याचे कारण मला दिसत नाही. शहरांच्या प्रारूपांसाठी सिटीजीएमएल हे खुले मानक २००८ पासून उपलब्ध आहे, इमारतींच्या अंतर्गत रचनेसाठी आयएफसी हे तसेच खुले मानक आहे. तेव्हा साधनच नव्हते, ही सबब चालणारी नाही.

आणि देणे एकाच दिशेने चालत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला नकाशा स्वयंसेवकांच्या नोंदींवर उभा आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीची राजधानी भूकंपाने हादरली, तेव्हा जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रह-प्रतिमा पाहून काही दिवसांत तिथल्या रस्त्यांचा तपशीलवार नकाशा तयार केला आणि मदत पथकांनी तो वापरला. त्याच्या काही महिने आधी, २००९ मध्ये, नैरोबीच्या किबेरा वस्तीतील तरुणांनी जीपीएस यंत्रे घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या, कारण इतकी मोठी वस्ती असूनही उपलब्ध नकाशांवर ती जवळजवळ कोरी होती. नळ, शौचालये, दवाखाने, शाळा यांची नोंद तिथे राहणाऱ्यांनीच केली. वरून उडणाऱ्या यंत्राला पत्र्याचे छप्पर दिसते. त्या छपराखाली शाळा भरते, हे खाली उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते. केवळ पाहता येणाऱ्या प्रारूपात अशी दुरुस्ती कळवायला जागाच नसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळेच खुले केले, तर लोकांच्या खासगीपणाचे काय? जर्मनीत २०१० मध्ये गुगल स्ट्रीट व्ह्यू सुरू होण्यापूर्वी सुमारे २,४४,००० कुटुंबांनी आपली घरे अस्पष्ट करण्याची मागणी केली होती, आणि त्यांना वेडगळ ठरवण्याचा अधिकार मला नाही. परंतु घराच्या खिडकीतून आत काय दिसते आणि त्या घराची उंची किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाकावी, वाहनांचे क्रमांक आणि चेहरे पुसावेत. त्यासाठी छपरांची मापे कुलूपबंद ठेवण्याची गरज नाही. गंमत अशी की खासगीपणाचे कारण पुढे करणाऱ्या कित्येक संकेतस्थळांवर खिडक्या स्पष्ट दिसतात आणि उंचीच मिळत नाही.

आमच्या वेळी मोजणीच्या वहीचे पहिले पान ठरलेले असे. तारीख, हवामान, यंत्राचा क्रमांक, आरंभबिंदूची खूण आणि वही लिहिणाऱ्याची सही त्यावर नसेल, तर वरिष्ठ ती वही तपासायलाच घेत नसत. सार्वजनिक पैशातून शहराचे प्रारूप करवून घेणाऱ्या यंत्रणांनी निविदेच्या अटींतच असे पहिले पान मागावे, म्हणजे मोजणीची तारीख, संदर्भ-चौकट, चुकीचे प्रमाण आणि अंदाजाने भरलेल्या भागांची खूण. त्यासोबत मूळ बिंदुमेघ खुल्या स्वरूपात आपल्या ताब्यात घ्यावा आणि तो कोणाला कशासाठी वापरता येईल, हे परवान्यात स्वच्छ लिहावे, एवढीच माझी सूचना आहे. कंत्राट पूर्ण झाल्यावर यांतील काहीही मागायला गेले की ते नवे काम ठरते आणि त्याचे वेगळे देयक येते. ज्या प्रारूपाविषयी मी वर लिहिले, त्याची पुढची मोजणी व्हायची आहे. तिच्या अटींचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाल्यास पालकांच्या वतीने हे मुद्दे आम्ही लेखी देणार आहोत, आणि रविवारी मोजलेल्या उंचीची वही, पहिल्या पानासह, सोबत जोडणार आहोत.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त मोजणीदार व आरेखक