मुंबई ते लंडन: आठ तासांचे दहा कसे होतात

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझा हिशोब वाचला. मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास. मग तिकिटावर दहा कसे? अंतर तू बरोबर धरलंस, पण ते गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर आहे. तो दोरा मुंबईहून वायव्येला निघतो आणि बलुचिस्तान, इराण, अझरबैजान, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा लंडनला पोचतो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांची वाट अडवली, तेव्हापासून त्यांना आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला वळावं लागलं. म्हणून तिकीट काढताना कंपनीगणिक वेळ ताडून बघ, सारखी नसते.

दुसरा फरक वाऱ्याचा. ९०० हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर या वाटेवर वारा बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. वाटभर सरासरी ७० चा वारा समोरून धर: ८३० च्या वेगाने ८ तास ४० मिनिटं लागतात. तोच पाठीशी असला की ९७०, म्हणजे ७ तास २५ मिनिटं. जाता-येताना सव्वा तासाचा फरक इथेच पडला. त्यात वळसा मिळव.

शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून लंडनला जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीसाठी रांग, चढताना-उतरताना कमी वेग, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात घिरट्या. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक लावतात, त्यामुळे विमान कधी वीस मिनिटं आधी पोचलं तर नवल नको.

आता घड्याळ, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात, आणि हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. समज, जानेवारीत मुंबईहून दुपारी १:०० ला निघून लंडनला संध्याकाळी ६:०० ला पोचायचंय. दिसतात पाच तास. त्यात साडेपाच मिळव, साडेदहा झाले. परतताना उलट, वजा कर: रात्री ९:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:४५ म्हणजे सव्वाचौदा, वजा साडेपाच, पावणेनऊ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र हा फरक साडेचारच तासांचा. त्या रविवारांच्या आसपासचं तिकीट असेल तर जाण्याचा आणि येण्याचा फरक वेगवेगळा निघू शकतो.

पुढे एडिंबरोला जायचंय म्हणतोस, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घे, चार पैसे जास्त गेले तरी. वेगळं तिकीट काढलंस की लंडनला सामान उचलणं, पुन्हा चेक-इन, आणि टर्मिनल वेगळं असलं तर तिथवर जाणं, हे सगळं तुझ्या गळ्यात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही सहसा परत देत नाही. तरी तसंच करायचं असेल, तर मध्ये निदान चार तास ठेव.

तारखा ठरल्या की तिकीट काढण्याआधी मला पाठव. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय