काळजी चढाची नाही, उताराची

बेळगाव, टिळकवाडी
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र. इकडं सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर आवाक्यात.

पिंट्या अप्पांची जुनी येझदी मोटरसायकल घेऊन लेहला निघालाय. जुलैत, मनालीवरनं. बरोबर कॉलेजची पोरं, त्यांच्या गाड्या नव्या कोऱ्या. ऐकून मला काय वाटलं असेल ते तुलाच कळेल. अप्पा गेल्यापासनं गाडी पडवीत गोणपाटाखाली होती. त्यानं स्वतः टाकी उतरवून गंज काढला, वायरिंग बदललं. अप्पांनी बघायला पाहिजे होतं रे.

आज चाचणी म्हणून चोर्ल्याला गेलो. जांबोटी, कणकुंबी, गाडी काय पळाली! कणकुंबीला चहा घेतला आणि घाट उतरायला लागलो. तो पुढं, मी मागं हिच्या स्कूटरवर. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, पोरानं रेस पूर्ण सोडलीय. दुसऱ्या गिअरला टाकून गाडी इंजिनावर धरून उतरतोय. बाकी पोरांच्या गाड्यांवर तो असाच उतरतो आणि त्या गाड्यांना तेच बरोबर. मी हॉर्न मारतोय, ओरडतोय, त्याला काही ऐकू जाईना. केरीच्या अलीकडं एका वळणावर तो आवाज आला. कुठला ते तुला सांगायला नको. बारीक, कोरडा. लगेच मागचं चाक धरलं आणि डांबरावर टायरचा काळा पट्टा उमटला. नशीब, त्यानं क्लच दाबला. गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि हसत म्हणतो, "बाबा, चेन अडकली वाटतं."

माझे हात थरथरत होते बंड्या. एका बाजूला दरी, आणि पोरगं हसतंय.

तिथंच दगडावर बसवून त्याला सांगितलं. बाबा रे, ह्या गाडीला वेगळं तेल नाही. तू टाकीत पेट्रोलबरोबर जे तेल मिसळतोस, तेच पिस्टनला मिळतं. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, तेल बंद म्हणजे पिस्टन जाम. आणि उतारावर चाक तर इंजिनाला जोरात फिरवतंय! मान डोलावली त्यानं. पण मान डोलावणं आणि पायाला, मनगटाला सवय लागणं ह्यात फार अंतर आहे.

संध्याकाळी मेकॅनिक चाचांनी सिलिंडरचा ब्लॉक काढला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, नख फिरवलं की अडकतं असे. ते काहीच बोलले नाहीत, पिस्टन नुसता माझ्या हातात दिला. उद्या उद्यमबागेत बोअर दाखवायचाय. पिस्टन मिळेल म्हणतात. "म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, आता पार्ट काय चामुंडेश्वरी देणार का?" असं तू मला चिडवायचास. अजून मिळतात बरं का! तुझ्या मद्रासच्या बुलेटचे पॉइंट तू काड्यापेटीनं घासत बसायचास, ते मी विसरलेलो नाही.

तर काळजी ही. पोरानं तयारी केलीय ती सगळी चढाची. टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटर, तिथं हवा समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी, त्याला पाठ आहे. हवा कमी झाली की पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो, गाडी दम टाकते, म्हणून कार्बोरेटरचे लहान जेट घेऊन ठेवलेत, सुईची क्लिप वर घ्यायला शिकलाय. डोकं दुखायला लागलं तर खाली उतरायचं, हेही माहीत आहे. अटल बोगदा २०२० ला झाला, आता रोहतांगचा चिखल नाही, असं मला ऐकवतो. तांडीच्या पंपावर कॅन भरून घेणार, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी तेल घरनंच नेणार. सगळं बरोबर.

पण लहान जेट घातला की पेट्रोलबरोबर तेलही कमीच जाणार. मग त्याच जेटवर टांगलांग लावरनं उपशीपर्यंत जवळपास दोन हजार मीटर खाली. जसं उतरेल तशी हवा दाट होणार, पेट्रोल आणखी कमी पडणार, इंजिन तापणार. आपला चोर्ला घाट सगळा मिळून आठशे मीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात हे झालं! बरं, इंजिनावर धरू नको म्हणावं तर ब्रेक ड्रमचे. सामान लादलेलं, नुसत्या ब्रेकवर उतरवली तर लायनर तापून पकडायचंच बंद होतं. म्हणजे दोन्हीकडनं मरण. मधला मार्ग आपण दोघं लेहला गेलो तेव्हा काढला होता तो: दर थोड्या वेळानं गिअरचा पाय अर्धा दाबायचा, क्लच सुटतो, तेवढ्यात एक रेस द्यायची, तेल आत जातं, परत धरायचं. मध्येच थांबून ड्रमवर पाण्याचा थेंब टाकायचा, चर्र झालं तर बसून राहायचं.

आणि त्यावरनं तू केवढा भांडलास माझ्याशी! "दर वळणाला भुर्र भुर्र काय करतोस, धुरानं डोळे गेले माझे." तुझ्या बुलेटला काय, तिचं तेल पंपानं फिरतंय, रेस सोडून गाणी म्हणत उतर. सरचूला रात्री त्या तंबूत तू तोंड फिरवून झोपलास. पण दुसऱ्या दिवशी माझ्या मागं राहिलास, पुढं गेला नाहीस. ते मला कळलं होतं.

त्याला जाऊ नको म्हणणार नाही. अप्पांनी आपल्याला म्हटलं नव्हतं. पण त्याला हे अंगात भिनवायला हवं, आणि बापाचं किती ऐकतात पोरं ते तुला माहीत आहे. तुझं ऐकतो. लहानपणापासनं बंडूकाका म्हणजे बुलेट, बुलेट म्हणजे देव.

सोनूचं जमलं हे वहिनींकडनं कळलं, फार बरं वाटलं. पोरगा सांगलीचाच आहे हे चांगलं. तारीख ठरली की कळव, मिठाईचा कुंदा आमच्याकडनं. तुझ्या बदलीचं काय झालं? मुकाट्यानं निवृत्ती घे आता.

पुढच्या शनिवारी ये. सकाळची गाडी धर, राणी चन्नम्मा सर्कलला उतर, मी येतो न्यायला. इंजिन तोवर बांधायचं नाही म्हणून चाचांना सांगून ठेवलंय. तो पिस्टन तू पिंट्याच्या हातात दे आणि तुझ्या भाषेत त्याला सांग, शिव्या घाल हव्या तर. रविवारी बोअर झालेल्या गाडीवर हळूहळू आंबोलीला जाऊ. उतारावर तू पिंट्याच्या मागं बस. प्रत्येक वळणाआधी त्याच्या पाठीवर थाप मार, पाय दाबून रेस दिल्याशिवाय त्याला वळू देऊ नकोस.

शुक्रवारपर्यंत फोन कर. येणार नसलास तर चाचांना इंजिन बांधायला सांगावं लागेल.

तुझा,
विनू