बालबाजाराचा गल्ला मुलांच्याच हाती द्या

महोदय,

हिवाळ्यात अनेक प्राथमिक शाळांत बालबाजार, आनंद मेळावे भरतात. मुलं भाजी, भेळ, बोरं विकतात आणि पालक कौतुकाने खरेदी करतात. या बाजाराचं मोल आता पूर्वीपेक्षा जास्त आहे, कारण रोख पैसे मुलांच्या नजरेआडच झाले आहेत. भाजीवालीपाशीही कोड स्कॅन होतो. किती दिले आणि किती परत आले, हे शेजारी उभ्या मुलाला कळत नाही. पण बाजारात प्रत्येक वस्तू १० किंवा २० रुपयांना ठेवली आणि गल्ल्यावर मोठी माणसं बसली, तर मुलांना हिशेब करायला उरतं काय?

तयारी दोन-तीन महिने आधी सुरू व्हावी. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणता येणं म्हणजे मोजता येणं नव्हे. ढिगातून सात चिंचोके मागितल्यावर मूल सातवर थांबतं का, ते पाहावं. मोजलेले चिंचोके त्याच्यासमोर थोडे पसरावेत आणि ‘आता किती?’ असं विचारावं. ते पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर पैशांची घाई करू नये.

नाण्यांची खरी अडचण ही, की पाचच्या नाण्यात पाच वस्तू दिसत नाहीत. पाच, दोन आणि एकचं नाणं समोर ठेवलं की लहान मूल ‘तीन रुपये’ म्हणतं. आकारही फसवतो. २०११ च्या मालिकेत दोनचं नाणं पाचच्या नाण्यापेक्षा मोठं आहे, २०१९ च्या मालिकेत लहान, आणि चलनात दोन्ही आहेत. म्हणून सुरुवातीला फक्त एकची नाणी आणि दहाच्या नोटा घ्याव्यात. दहा नाणी साठली की एक नोट, नोट मोडली की दहा नाणी. ही अदलाबदल रोज दहा मिनिटं, दोन-तीन आठवडे तरी चालू द्यावी. पाचचं नाणं त्यानंतर आणावं, तेही आधी पाच ठिपके काढलेल्या पुठ्ठ्यावर ठेवून. दोनचं सर्वांत शेवटी.

याच अदलाबदलीत आणखी एक गाठ सुटते. ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल ३६ लिहितं, कारण नावात तीन आधी येतात. ‘एकोणपन्नास’चे ५९ होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी ‘साठ तीन’ असं वाचन दिल्यावरून केवढा वाद झाला! नाव न बदलताही हे शिकवता येतं: तोंडाने त्रेसष्ट म्हणायचं आणि हाताने डावीकडे दहाच्या सहा नोटा, उजवीकडे तीन नाणी मांडायची. एकोणपन्नाससाठी पाच नोटा मांडायच्या, एक मोडायची आणि आलेल्या दहा नाण्यांतलं एक काढून घ्यायचं. एकोण म्हणजे एक उणे, हे मग मुलाला डोळ्यांनी दिसतं.

मोड परत देताना कागदावरची वजाबाकी नको. हातच्यात मुलं अडकतात आणि गिऱ्हाईक ताटकळतं. ३७ रुपयांच्या खरेदीला ५० ची नोट आली, तर दुकानदारासारखं पुढे मोजावं: एकेक नाणं ठेवत अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, मग दहाची नोट ठेवून पन्नास. परत दिले १३.

प्रत्यक्ष बाजारात भाव ७, ८, १२, १३ असे ठेवावेत. प्रत्येक टेबलाला ५० रुपये सुट्टे द्यावेत: एकची २० नाणी, पाचची २ आणि दहाच्या २ नोटा. एवढी नाणी आयत्या वेळी मिळत नाहीत, बँकेत आधी सांगून ठेवावं. दोघांची जोडी करावी, एक माल देईल, दुसरा पैसे घेईल. अर्ध्या वेळाने अदलाबदल. गिऱ्हाइकाची नोट मोड देऊन होईपर्यंत गल्ल्याबाहेरच ठेवावी, नाहीतर २० दिले की ५० यावरून घोळ होतो. विकलेल्या प्रत्येक वस्तूमागे कागदावर एक रेघ ओढावी. शेवटी गल्ल्यातून सुरुवातीचे ५० वजा करून उरलेली रक्कम रेघांशी ताडून पाहावी. आठ-दहा रुपयांचा फरक आला तर शिक्षकांनी पदरचे घालून तो मिटवू नये. चूक कुठे झाली, ते मुलांनाच शोधू द्यावं.

आणि पालकांना एक विनंती: त्या दिवशी फोन खिशातच ठेवा, २० आणि ५० च्या नोटा आणा, आणि मूल मोड मोजत असताना ‘राहू दे रे सुट्टे’ म्हणून निघून जाऊ नका.

— एक प्राथमिक शिक्षिका