दंतवैद्यांच्या नोंदींबद्दल लेखात चकार शब्द नाही

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला न्यायवैद्यक दंतशास्त्रावरचा, म्हणजे मृताची ओळख आणि गुन्ह्यांचा तपास यांत दातांचा उपयोग कसा होतो यावरचा लेख वाचला. विषय नवा, भाषा सोपी, त्याबद्दल आभार. पण जळालेल्या माणसाची ओळखही दातांवरून पटते असं लिहून लेखिका पुढे गेल्या, तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. कशी पटते? मृताच्या तोंडात जे दिसतं ते त्याच्या हयातीतल्या एक्स-रेशी, केसपेपरशी ताडून पाहिलं तरच. तो कागदच नसेल तर दात आगीत टिकले काय आणि न टिकले काय!

माझे थोरले भाऊ कारखान्याच्या आगीत गेले. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही उरलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं, दातांचं काही काम केलं होतं का? वहिनींनी लगेच सांगितलं, खाली उजवीकडच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल आणि त्याच दाढेवर धातूची कॅप. शवविच्छेदनात तशी कॅप त्या आगीत गेलेल्या दोघांच्या तोंडात निघाली. त्या दाढेचा एक जुना एक्स-रे मिळाला असता तर मुळांचा आकार आणि आत भरलेलं औषध बघून प्रश्न तिथेच सुटला असता. मी आमच्या भागातल्या त्या दवाखान्यात धावले. तिथे ऐकायला मिळालं, ‘जागा बदलली तेव्हा जुने कागद रद्दीत दिले.’ रजिस्टरात भावाचं नाव होतं, घेतलेले पैसे होते. कुठल्या दाताचं काम केलं, ते नव्हतं. उजवीकडच्या खालच्या पहिल्या दाढेला आपल्याकडचे आणि इतर बऱ्याच देशांतले दंतवैद्य ४६ म्हणतात. दोन आकडे लिहायचे होते हो! पैशांचा हिशेब मात्र चोख.

मग आईचं रक्त डीएनएसाठी घेतलं. अहवाल येईपर्यंत भाऊ शवागारात आणि आई दाराकडे डोळे लावून. दहावं-तेरावं कधीचं धरायचं, हेसुद्धा आम्हाला ठरवता येईना.

१८९७ च्या पॅरिसच्या आगीचं उदाहरण लेखात आहेच. १२६ माणसं गेली. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण त्यांत होती आणि तिला तिच्या दंतवैद्याने दातांतल्या सोन्याच्या कामावरून ओळखलं. कारण आपण काय काम केलं, हे त्याला सांगता आलं. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी पर्यटकांच्या ओळखी दातांवरून भराभर पटल्या, त्याही त्यांच्या देशांतल्या दंतवैद्यांनी नोंदी पाठवल्या म्हणून. इंटरपोल बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्या पंक्तीला दातांना बसवते. आपल्या मुंबईत लोकलखाली सापडलेल्या कितीतरी माणसांना नावही मिळत नाही, तिथे या नोंदींची गरज नाही का? प्रत्येक दवाखान्याला, पालिकेच्या ओपीडीलासुद्धा, त्या जपणं सक्तीचं करा, असं एक वाक्य तरी लेखात हवं होतं. वाचकांना मी सांगते, दातांचा एक्स-रे काढलात की त्याची प्रत मोबाइलवर मागून घ्या आणि घरच्यांना पाठवून ठेवा.

आणखी एक. अंगावरच्या चाव्याच्या खुणांवरून गुन्हेगार हमखास सापडतो, असं लेखात छापलं आहे. हे साफ चूक आहे आणि घातक आहे. अमेरिकेत ॲरिझोनात रे क्रोन नावाच्या माणसाला अशाच खुणेवरून १९९२ मध्ये दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली होती. २००२ मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरून सुटला. कातडी ताणते, सुजते, खूण बदलते. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालातच या पद्धतीच्या शास्त्रीय आधाराबद्दल गंभीर शंका घेतली आहे. मृताची ओळख पटवणं वेगळं आणि चाव्यावरून आरोपी ठरवणं वेगळं. दोन्ही एकाच तागडीत तोलू नका. येत्या रविवारी एवढी दुरुस्ती ठळक जागी छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, भांडुप, मुंबई